भिंतीचा ताप

मालाडचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा रंगवायला एक मालवणी रंगारी आला होता. पोराच्या कपाळाला लावावा तसा तो प्रत्येक भिंतीला उलटा हात लावून बघायचा. बेडरूममध्ये ओल निघाली. मी म्हटलं, "मारा ना रंग वरून, पुढे कपाट ठेवू." तो हसला. "ताई, घेणारो आधी कपाटामागेच बघतलो."

त्याने पलीकडच्या बाथरूमच्या लाद्यांच्या फटी बुजवल्या, भिंत खरवडली आणि आठ दिवस सुकत ठेवली. मी रोज चिडचिड केली. तो रोज उलटा हात लावून मान हलवायचा.

घर बघायला आलेल्या काकू थेट बेडरूममध्ये शिरल्या. कपाट मी आधीच सरकवून ठेवलं होतं. त्यांनी मोकळ्या भिंतीला हात लावला, तोही उलटा.

"ताप उतरलाय," मी म्हटलं.