दोन घास जास्त

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान असलेल्या राजशेखर शेठला पळायला लावलं ते त्याच्या बायकोनं, पवित्रानं. साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर एक दिवस पाय कापावा लागेल." राजशेखर हसला. रडली ती पवित्रा. दुसऱ्याच पहाटेपासून त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून ती त्याला रंकाळा तलावावर न्यायला लागली. चार पावलं चालला की तो कठड्यावर बसायचा आणि तिच्यावर खेकसायचा. ती पाण्याची बाटली पुढं करून म्हणायची, "त्या खांबापत्तोर चला, मग बसा."

असं करत करत तो पळायला लागला. विश्वजित नावाच्या तरुण प्रशिक्षकाच्या गटात शिरला. पोट उतरलं, गालफडं दिसू लागली, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. दुकानातले हमाल म्हणायचे, "शेठ, वळखू यीना की तुमी!" पवित्रा त्याच्यासाठी मूग भिजवायची, त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायची. तिचं स्वतःचं चालणं मात्र कधीच सुटलं होतं. दोन बाळंतपणांत सुटलेलं अंग तसंच होतं आणि उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा.

मग तो तिच्या ताटाकडं बघायला लागला. ती दुसरी भाकरी घ्यायला लागली की म्हणायचा, "घे, घे. गोदाम मोठं हाय." एकदा गटातली सगळी मंडळी घरी जेवायला आली, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या घरातलं एक पोतं मी उतरवलं. दुसरं अजून थप्पीला हाय." सगळे खो खो हसले. हातात आमटीची वाटी घेऊन पवित्राही हसली. काय करणार?

जानेवारीतल्या शर्यतीत त्यानं न विचारताच तिचं नाव घातलं.

"गुडघा दुखतोय वो," ती म्हणाली.

"गुडघा न्हाय, आळस दुखतोय तुझा."

तो लांबच्या शर्यतीत पळाला, पदक गळ्यात घालून परत आला, तरी पवित्रा तिच्या छोट्या शर्यतीत अजून रस्त्यावरच होती. मागं कुणी नव्हतं. रस्त्यावरचे अडथळे उचलणारी पोरं ती पुढं जायची वाट बघत उभी होती. राजशेखर मोबाइल धरून तिच्या बाजूनं उलटा पळायला लागला. "बघा, आमच्या मॅडम! म्हसरंसुद्धा पाण्याला ह्यापेक्षा जोरात जात्यात!" तो व्हिडिओ त्यानं गटावर टाकला, नातेवाइकांत टाकला. निपाणीहून तिच्या अक्कानं रडत फोन केला. सासू शिवम्मा शेजारणींना बोलावून बोलावून तो दाखवत होती आणि हसून हसून डोळे पुसत होती.

पवित्राचा गुडघा सुजून भोपळा झाला. पुढं कितीतरी दिवस ती जिना बसून बसून उतरायची. भांडली मात्र नाही.

पावसाळ्यात गट गगनबावड्याला घाटात पळायला गेला. शेवाळावरून राजशेखरचा पाय सटकला आणि घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. विश्वजित दोनदा भेटून गेला. नंतर कुणी फिरकलं नाही.

खाटेवर पडल्या पडल्या राजशेखरनं आधी मूगच मागितले. पवित्रानं दिले. महिन्याभरानं प्लास्टर निघालं आणि तो वाळलेल्या पोटरीवर हात फिरवून पोरासारखा रडला. तेव्हा तिनं हुग्गी केली. गुळात शिजवलेली खपली गव्हाची खीर, वर तुपाची धार.

"हे कशाला?"

"हाडाला ताकद नगो व्हय? खावा."

तो खायला लागला. पवित्रा समोर बसून बघत होती. त्यानं वाटी चाटून पुन्हा पुढं केली, तेव्हा तिला फार बरं वाटलं. इतकं बरं तिला त्या जानेवारीनंतर पहिल्यांदाच वाटलं होतं.

मग रोजच सुरू झालं. पुरणाची होळगी, लोणी, तळलेली भजी. तो नको म्हणाला की ती म्हणायची, "दोन घास जास्त खाल्लं तर काय हुतंय? माझ्या हातचं न्हाय म्हनू नगासा." शिवम्मा शेजारी सांगत सुटली, "सून म्हंजे लक्ष्मी हाय आमची." साखर तपासायची आठवण पवित्रानं करून दिली नाही आणि त्यालाही झाली नाही.

काठी टेकत चालायला लागला तोवर त्याची एकही पँट कमरेला बसेना. त्यात त्याच पायाच्या अंगठ्याला लागलेलं बारीकसं काही भरून येईना. अंगठा काळा पडला. काढावा लागला.

तेव्हा पवित्रा घाबरली. इतकं व्हावं असं तिला वाटलं होतं का, हे तिचं तिलाच कळेना. दवाखान्यातून आल्यावर तिनं साधी आमटी आणि भाकरी वाढली. राजशेखरनं ताट भिंतीवर भिरकावलं.

"तूप कुठाय? अंगठा गेला म्हणून खायालाबी न्हाय व्हय?"

"डॉक्टरांनी नगो म्हटलंय वो."

"माझ्या लेकाला उपाशी मारतीस?" आतून शिवम्मा ओरडली.

पवित्रानं खाली बसून भाकरीचे तुकडे गोळा केले. गुडघ्यावर हात टेकून उठली, भिंतीवरची आमटी पुसली, आणि तुपाचा डबा घेऊन परत आली.

"वाढ," तो म्हणाला.

तिनं वाढलं.