बिनक्लचची गाडी

माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात जेवढा वेळ शांत राहिले असतील, तो सगळा झोपेत गेला असावा. जागेपणी त्यांचा राग चालूच असतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा राग हल्लीच्या गाड्यांवर. तीस वर्षं त्यांनी गडचिरोली-भामरागड रस्त्यावर एसटी चालवली, निवृत्तीनंतर स्वतःची एक जुनी जीप. कोण गिअर कसा टाकतो यावरून ते माणूस ओळखतात. माझ्या लग्नात त्यांचा मला पहिला प्रश्न होता, "मास्तर, चढावर गाडी कोणत्या गिअरात घेता?" माझ्याकडे सायकल आहे हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडे ज्या कळवळ्यानं पाहिलं, तो मला अजून टोचतो. एखादी जीप गिअर करकरवत घरासमोरून गेली की हे ताटावरून उठून रस्त्यावर! "अबे, क्लच दाबाले पाय नाई का तुले?"

त्यांची मुलगी नागपुरात हाडांची डॉक्टर आहे. ती लहान असताना कॅलेंडरवरची एक स्पोर्ट्स कार दाखवून भाऊ तिला सांगत, "इचा गिअर एकडाव टाकाले भेटला पाह्यजे." गेल्या वर्षी तिनं ते मनावर घेतलं आणि आम्हा दोघांना शोरूममध्ये नेलं. जमिनीला पोट टेकलेली लालभडक गाडी. भाऊ ठेवणीतल्या शर्टात, वाकून, कण्हत आत शिरले. डावा हात आपसूक खाली गेला. तिथं पेले ठेवायचे दोन खळगे होते.

"दांडा कुठी हाये?"

"काका, स्पोर्ट्स कारमध्ये मॅन्युअल आता जवळजवळ बंदच झालंय," विक्रेता गोड हसला. "मशीन माणसापेक्षा लवकर गिअर बदलतं."

"मंग मले काऊन बसवून राह्यले? मशीनलेच बसवा ना!" सगळं शोरूम वळून पाहू लागलं. "घाई तुमच्या मशीनले असन. मले गिअर टाकाचा हाये, कोनी टाकून देल्लेला नाई पाह्यजे! एवढी मोठी गाडी केली अन् ड्रायव्हरले त्यात कामच नाई ठेवलं!" विक्रेता पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही. मग भाऊ मुलीवर उलटले. "तुले हे मालूम होतं?"

"होतं, बाबा. म्हणूनच तुमाले इथी आणलं." ती दाराशी उकिडवी बसली आणि तिनं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "या गुडघ्याचा एक्स-रे मी पाह्यला हाये. क्लच दाबनं आता होत नाई तुमच्यानं. दोन वर्सांपासून जीप नुसती पुसून ठेवता. मले समजत नाई का?"

आम्हाला ते सांगत, जीपचा पार्ट मिळत नाही. मी खाली मान घातली. भाऊंनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "घे. पन लाल नको. लाल गाडीत लय शहाने बसते."

परवा मला शेजारी बसवून त्यांनी ती पांढरी गाडी हायवेवर काढली. वाटेत तीन ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या. चढ आला, गाडी आवाज न करता वर गेली. डावा पाय एका बाजूला निवांत पडला होता.

"कसं वाटतं, भाऊ?"

"गाडी चालून राह्यली, मास्तर. मी बसून राह्यलो." मग म्हणाले, "पोरीले सांगू नका मात्र."