राइस मिल आणि अहेरीचा मुक्काम

समस्त तांदूळप्रेमी जनतेस कळविण्यात अत्यंत हर्ष होतो की, ब्रह्मपुरीच्या राइस मिलचा ईमेल अहेरीत बसून वाचता येतो, हे त्या मिलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अस्मादिकांनी सिद्ध केले आहे.

झालं असं. मिलमालक भाऊंच्या लेकीचं दुसरं बाळंतपण अहेरीला, सासरीच होणार होतं. तोवर वडिलांनी जवळ राहावं, एवढंच तिचं मागणं. पण ऑर्डरींचे ईमेल मिलमधल्या सर्व्हरवर येत आणि तिथेच वाचता येत, म्हणून भाऊ कुठेही गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परतत. मी सर्व्हर बाहेरून उघडायची सोय केली आणि त्यांना घेऊन अहेरी गाठली.

जावयाच्या कॉम्प्युटरवर मी जादूगाराच्या थाटात पासवर्ड टाकला. काहीच उघडेना! भाऊंनी परतीच्या गाडीसाठी पिशवी उचलली. लेकीने तोंड फिरवलं.

मी मिलमध्ये फोन लावला. दिवाणजी म्हणाले, "मेन स्विच बंद केला ना जी! मालक गेले का बंद कराचा. कोंड्याले आग लागली म्हंजे?"

हा नियम भाऊंचाच होता आणि आजवर तो कोणी मोडला नव्हता. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. ते लेकीच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऑफिसची लाइन चालू करा, दिवाणजी. आन् चालूच राहू द्या. मी नाई येऊन राह्यलो."

थोड्या वेळाने पडद्यावर ईमेल एकाखाली एक उतरले. भाऊंनी एकही वाचला नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली. लेक डोळे पुसत स्वयंपाकघरातल्या सासूला हाक मारून म्हणाली, "आई, रात्रीले बाबाचेबी तांदूळ टाका जी!"