डॉक्टरीणबाईंचा पास

पहिल्या बोलीवर डॉक्टरीणबाईंचा कधी विश्वास नसे. पत्त्यांच्या टेबलावर नाही आणि दवाखान्यातही नाही. "पहिल्यांदा काय, कोणीबी बोलतं," त्या म्हणायच्या. "मधी कोणी आडवं आलं, की मंग माणूस काय बोलतं ते ऐकायचं."

निजामी राजवटीची शेवटची वर्षं होती ती. नांदेडच्या जनाना दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या आणि मी मुलींच्या सरकारी शाळेत मास्तरीण. बाई मूळच्या लातूरच्या. डॉक्टरी आणि ब्रिज ही दोन्ही शास्त्रं त्या हैदराबादेत शिकल्या. बोली मात्र त्यांनी लातूरचीच ठेवली. अंगानं उंच, पायात पुरुषी बूट आणि चालणं असं, की मागून पेटी घेऊन येणारी आया निम्म्या वाटेतच दम टाकायची. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मास्तरीण म्हणायच्या, आणि त्या हाकेत माया किती आणि दटावणी किती हे प्रसंगावर असे.

दवाखान्यात मी त्यांना एकदा बघितलं. एक सून पोट दुखतं म्हणून आली होती, सोबत सासू. बाईंनी विचारलं, सून म्हणाली दुखतं. लगेच सासू मध्ये पडली, "काही न्हाई हो बाई, कामाचा कंटाळा." बाई सासूकडे बघेचनात. सुनेकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. सून खाली मान घालून पुटपुटली, "तरीबी दुखतं." बाईंनी तिला तेव्हाच टेबलावर घेतलं. मला नंतर म्हणाल्या, "सासूपुढं दुसऱ्यांदा बोलली. म्हणजे दुखणं खरं हाय."

ब्रिज त्यांनी मला याच हिशेबानं शिकवला. समोरासमोर बसणारे दोघं भिडू. आपली पानं दाखवायची नाहीत, बोलीतून सांगायची. मी 'एक बदाम' म्हणून सुरुवात केली आणि समोरून बाईंनी 'एक इस्पिक' म्हटलं, तर मला पुन्हा बोलणं भागच असे. पण मध्येच उजवीकडच्या बाईनं 'दोन किलवर' घातलं, की ती सक्ती उठली. हातात जास्तीचं काही नसेल तर गुमान पास म्हणावं. भिडूला बोलायला मिळणारच असतं. आणि तरीही बोललं, तर त्याचा अर्थ एकच, की हात भारी आहे.

मला हे पटायचं, पण जमायचं नाही. मध्ये कुणी बोललं की माझ्या तोंडाला खाज सुटे. एकदा फुसक्या हातावर मी 'दोन बदाम' ठोकून दिलं. बाईंनी भरवशावर चारपर्यंत नेलं आणि आम्ही सपाटून बुडालो. "अगं मास्तरीण," बाई कडाडल्या, "बोलायची सक्ती व्हती का तुला? सुटल्यावरबी बोललीस, म्हणजे मी समजले घरात धान्य लई हाय. आन् बघते तं कणगी रिकामी!" मी चांगली आठवडाभर फुगून बसले होते. त्यानंतर मात्र पुरतं वर्षभर माझ्याकडून ती चूक झाली नाही. बाईंना माझ्या दुसऱ्या बोलीचा आता भरवसा वाटू लागला होता, आणि या गोष्टीचा मला शाळेतल्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

डाव बसे शुक्रवारी दुपारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, मोहतमीमसाहेबांच्या बंगल्यावर, बांबूच्या चिकाचे पडदे सोडलेल्या ओसरीत. मोहतमीम म्हणजे पोलिसांचे बडे साहेब. त्यांच्या बेगमसाहिबा आणि पोस्टमास्तरीणबाई एका बाजूला, आम्ही दोघी दुसऱ्या. बेगमसाहिबांचा खेळ बाईंच्या तोडीचा होता. एकमेकींना दोघी मानत असत.

त्या शुक्रवारी मी गेले तेव्हा घराला बाहेरून कुलूप होतं आणि आत माझा धाकटा भाऊ होता. तो सोलापूरला शिकायला आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर तो सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांत सामील झाला होता. दोन दिवसांपूर्वी तो पोटरीत छर्रे घेऊन आला. हळद भरून मी पाय बांधला, पण जखम चिघळली, अंग तव्यासारखं तापलं. बाईंना सांगावं असं शंभरदा मनात आलं. सांगितलं असतं तर त्या उठून आल्या असत्या, आणि तेच मला नको होतं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरनं असल्या माणसाला हात लावला तर तिची धडगत नव्हती. आईबापाविना वाढवलेला भाऊ एकीकडे, बाई दुसरीकडे. मी कुणालाच सांगितलं नाही. डावाला गेले, कारण न जाणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं.

पानं वाटली गेली. माझा हात जेमतेम सुरुवात करण्याइतका. मी म्हणाले, "एक बदाम." पोस्टमास्तरीणबाई पास. बाई, "एक इस्पिक." माझ्या उजवीकडून बेगमसाहिबा म्हणाल्या, "दो किलवर," आणि पानं नीट लावता लावता पुढे म्हणाल्या, "मास्टरनी, आज शाम कू तुम्हारी गल्ली की तलाशी है बोलके सुनी मैं."

हे त्यांनी सहज सांगितलं की मुद्दाम, मला आजही ठरवता येत नाही.

गप्प राहिले तर चेहरा दिसेल, काहीतरी बोललंच पाहिजे, एवढंच डोक्यात. तोंडातून निघून गेलं, "दोन बदाम."

पोस्टमास्तरीणबाई पास. बाईंनी पानांवरून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "पास." बेगमसाहिबाही पास म्हणाल्या.

बोली माझी ठरली, डाव मी खेळायचा, म्हणून बाईंनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. बदामाचा एक्का, राजा, राणी, तिन्ही त्यांच्याकडे! शिवाय इस्पिकांची लांब रांग. असल्या हातावर, माझ्या दोन बोलींनंतर, बाई सरळ चारवर जायच्या. आणि बाई पास? मग उमजलं. बदामाची सगळी मोठी पानं त्यांच्याच हातात होती. मी दुसऱ्यांदा बदाम म्हणाले ते पानांच्या जोरावर नव्हे, तलाशीच्या धास्तीनं, हे त्यांना कळलं होतं.

पानं उघडी टाकणाऱ्या भिडूला बसून राहावं लागत नाही. बाई उठल्या. "मास्तरीण, किल्ली दे तुझी. माझी पिशवी ऱ्हायलीय तुझ्याकडं. दवाखान्यात बाई अडून राहिली हाय."

बाईंची कसलीही पिशवी माझ्याकडे नव्हती. मी कमरेची किल्ली काढून दिली. बाहेर बाईंचा पडद्याचा टांगा वाजला आणि लांब गेला.

ते तेरा हात मी कसे खेळले, माझं मला माहीत. जमेल तेवढं हळू खेळले. त्यातले दहा आमचे झाले, म्हणजे चारची बोलीही सहज निघाली असती. बेगमसाहिबा बराच वेळ त्या उघड्या पानांकडे बघत राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, "डॉक्टरनी इत्ते पत्तों पे पास? ऐसा तो वो कब्बी नै करते." मी हसण्याचा प्रयत्न केला. ते हसू कसलं दिसलं असेल देव जाणे.

घरी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभे होते. माझं दार उघडं, आत कुणी नाही, फरशी धुतलेली आणि खोलीभर फिनेलचा वास. खुंटीवरचं माझं हिरवं लुगडं तेवढं गायब होतं. ते नेसवून, डोक्यावर पदर ओढून बाईंनी त्याला टांग्यात आडवं केलं होतं. नाक्यावर शिपायानं हटकलं तेव्हा भाऊ कण्हला, त्याला सोंग करायची गरजच नव्हती. बाई ओरडल्या, "बाळंतीण हाय, हट मेल्या!" जनाना दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत तो सहा दिवस होता. छर्रे निघाले, ताप उतरला आणि सातव्या दिवशी तो सरहद्दीपलीकडे गेला.

पंधरा दिवसांत बाईंची चौकशी लागली. कुणी कळवलं ते कधीच कळलं नाही. माझ्या मनातून मात्र तो पास कधी गेला नाही. मी नियमाप्रमाणे गप्प राहिले असते, तर बाईंना तसा पास म्हणावा लागला नसता, आणि कुणाला नवल वाटलं नसतं. चौकशीत बाईंनी एवढंच सांगितलं, की जखमी आला, जखम बांधली. नाव विचारायची आपल्याला सवय नाही. माझं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. त्यांची नोकरी गेली. माझी राहिली.

त्या लातूरला निघाल्या त्या दिवशी मी स्टेशनवर गेले नाही. फलाटावर पोलीस असणार, बाईंबरोबर मला कुणी बघितलं तर सगळं उघड होईल, अशी मी मनाची समजूत घातली. वर्गात भागाकार शिकवत बसले. तिकडे गाडीची शिटी झाली. पोरी पाटीवर गणित उतरवत होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. मी भ्याले होते, हेच खरं.

निजामाचं राज्य गेल्यावर भावाला घेऊन मी लातूरला गेले. गंजबाजाराजवळच्या बोळात दोन खोल्या, बाहेर बाकावर बायकांची गर्दी. केस पार पांढरे झालेले. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बस." भावाला पाय वर घ्यायला लावला, पोटरीवरचा वण अंगठ्यानं दाबून पाहिला आणि चालताना पाय फेकतोस म्हणून त्यालाच रागावल्या.

मला राहवलं नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात त्या दिवशी मी स्टेशनवर आले नाही."

"बरं केलंस," त्या भावाच्या पायावरून नजर न काढता म्हणाल्या. "आली असतीस तं मी वळख दिली नसती."

तेवढ्यात बाकावरची एक म्हातारी दारात येऊन औषधाचं विचारू लागली. बाईंनी तिला बाटली दिली, कधी किती घ्यायचं ते दोनदा समजावलं, दारापर्यंत सोडलं. परत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पण गाडी हलंस्तोवर," त्या म्हणाल्या, "मी खिडकीतून बघून राहिले व्हते."