कुठल्याच बाजूची नसलेली अ‍ॅडमिन

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या इंडोनेशियन बायकांच्या फेसबुक ग्रुपची अ‍ॅडमिन डोंबिवलीची रेखा टिपणीस आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसले होते. रेखाताईला मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. "अगं, दोन घरांच्या भांडणात पंच तिसऱ्या घरचाच लागतो ना? मग!" असं म्हणून ती मोकळी होते.

ती टार्निटला आमच्या शेजारी राहते. नवरा नरेंद्र कापडगिरणीतला माणूस. लग्नानंतर लगेच तो जावा बेटावरच्या पुर्वाकार्ता गावी एका गिरणीत लागला आणि त्याच्या मागोमाग ही गेली. गिरणीतल्या बाकीच्या भारतीय बायका कॉलनीत भिशी लावत बसायच्या. ही बाजारात जाऊन बसायची, भाजीवालीच्या शेजारी, स्टूल टाकून. बारा वर्षांत ती तिथली भाषा अशी शिकली की आजही राग आला की आधी त्या भाषेत येतो आणि मग मराठीत. मुलाच्या, राघवच्या शिक्षणासाठी ही मंडळी मेलबर्नला आली. नरेंद्रला गाद्यांच्या कारखान्यात काम मिळालं, रेखाताईला एका चाइल्डकेअरच्या किचनमध्ये. पुर्वाकार्ताची आठवण आली की ती घरी तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, लावायची. त्या तेंपेच्या वासावर म्हणा किंवा फोटोवर म्हणा, एकेक इंडोनेशियन बाई तिला येऊन चिकटली.

त्यातली पहिली नेनेंग. 'बू नेनेंग' म्हणायचं, बू म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा ताई. ती राहायची पॉइंट कुकला, पण माहेर पुर्वाकार्ताचं. रेखाताई ज्या बाजारात बसायची, त्याच्या मागच्याच गल्लीतलं. दोघींना परदेशात सख्खी बहीण भेटल्यासारखं झालं. नेनेंगचा थोरला भाऊ यायात अजून त्याच घरात राहत होता. रेखाताई एकदा भारतातून येताना मुद्दाम जकार्तामार्गे आली आणि दोन दिवस त्याच्या घरी राहून, जेवून आली होती.

आता हे अ‍ॅडमिन प्रकरण. तिकडच्या निवडणुकांत दोन तट पडले आणि ते ऑनलाइन आले. रेखाताई सांगते, "मी तिथे होते तेव्हा लोक इतके गोड बोलायचे की नाही म्हणायचं असलं तरी 'अजून नाही' म्हणायचे. आता फेसबुकवर बघ. विकणारी पोरगी अनोळखी माणसालासुद्धा ताई-दादा करते, आया एकमेकींना 'बुंदा' म्हणतात, म्हणजे आईसाहेब. आणि राजकारण निघालं की त्याच आईसाहेब एकमेकींना बेडकाचं पिल्लू आणि वटवाघूळ म्हणतात!" एका बाजूच्या समर्थकांना बेडकाची पिल्लं, दुसऱ्या बाजूच्यांना वटवाघळं. मेलबर्नचा ग्रुप त्यापायी फुटायला आला. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की जिला तिकडे मतच नाही तिला अ‍ॅडमिन करा.

रेखाताईने नियम एकच केला. पुढाऱ्याचं नाव, पक्षाची घोषणा किंवा ही टोपणनावं दिसली की पोस्ट काढायची, मग लिहिणारी कोणी का असेना. खुलासा नाही, चर्चा नाही. राघव म्हणायचा, "मम, यू आर बेसिकली अ रेफरी." तिला ते फार आवडायचं. मला विचाराल तर तिला त्या न्यायाधीशपणाचा थोडा कैफ चढला होता, पण हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या हातची थालीपीठं मला हवी होती.

मग करोना आला. आमच्याकडे पहिल्या वर्षी लांबलचक लॉकडाऊन झाले. दुसऱ्या वर्षी जुलैत परत एक लागला आणि घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आली. टार्निट आणि पॉइंट कुक त्या अंतरात बसत नव्हते. तिकडे जावा बेटावर तर हाहाकार होता. हॉस्पिटलं भरलेली, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा. सरकार दर पंधरवड्याला निर्बंधांना नवं लघुरूप काढायचं. "रोगापेक्षा लघुरूपंच जास्त झालीत," रेखाताई वैतागून म्हणायची. ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची वाईट बातमी असायची.

एका दुपारी किचनमध्ये पोरांचा पास्ता गाळता गाळता तिने फोन बघितला. नेनेंगची लांबलचक पोस्ट होती. वर एका आमदाराचा फोटो, 'आमचे लाडके साहेब', 'जनतेचा आधार', पक्षाची घोषणा, पाच-सहा हॅशटॅग, हात जोडलेल्या चित्रांची रांग. रेखाताईला मनापासून वाईट वाटलं. नेनेंगने असं करावं? आता मैत्रीण म्हणून सूट दिली तर उद्या सगळे बोट दाखवणार. तिने पोस्ट काढून टाकली आणि पास्त्यावर चीज किसलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये नेनेंगचं नाव दिसेना. ती निघून गेली होती. फोन केला तर उचलला नाही. रेखाताईने कुंपणावरून मला सांगितलं, "रुसलीय. रुसू दे. रूल इज रूल." आवाज मात्र बारीक होता.

संध्याकाळी तिने ग्रुपमधल्या लास्त्रीला फोन लावला. लास्त्रीचा चुलतभाऊ त्याच आमदाराच्या ऑफिसात काम करायचा. लास्त्री म्हणाली, "बू रेखा, तुम्ही पोस्ट शेवटपर्यंत वाचली नव्हती?"

शेवटी लिहिलं होतं की यायातला श्वास लागलाय, हॉस्पिटलात जागा नाही, घरी ठेवलंय, सिलिंडर मिळत नाही. साहेबांच्या माणसांपर्यंत पोचवा. खाली पत्ता आणि फोन.

"वरचं सगळं कशाला लिहिलं मग तिने?" रेखाताईने विचारलं.

"तसंच लिहावं लागतं आता. नुसतं 'भाऊ गुदमरतोय' म्हटलं तर कोण बघतं? आधी साहेबांचं नाव, मग आपलं रडगाणं. मी कामावर होते, घाईत वाचली. चुलतभावाला पाठवायला परत उघडायला गेले तर पोस्ट नाहीच. मग आम्हाला वाटलं, तुम्ही काढलीय म्हणजे काहीतरी विचार करूनच काढली असेल."

हे सांगताना रेखाताई आमच्या कुंपणाला धरून उभी होती. मास्क हनुवटीवर आला होता आणि ती रडत होती. "विचार करूनच म्हणे! मी पास्ता गाळत होते गं!" मला तिचा रागही आला आणि दयाही आली. ज्या घरी जेवलीस त्या घरचा माणूस, आणि तू हॅशटॅग मोजत बसलीस? पण ती स्वतःच स्वतःला त्याहून जास्त बोलत होती.

लास्त्रीने उपाय सांगितला होता. चुलतभावाच्या हातात काही नव्हतं, साहेबांकडे शेकडो विनंत्या पडून होत्या. पण चारचौघांत दिसेल, शेअर होईल, अशा पोस्टकडे ऑफिस धावतं. "तुम्ही लिहा," ती म्हणाली, "तुमच्या स्वतःच्या नावाने, पब्लिक. ऑस्ट्रेलियातली भारतीय बाई आमच्या साहेबांचं कौतुक करते म्हटल्यावर ते डोक्यावर घेतील. साडीतला फोटो टाका."

"म्हणजे मी आता एका पार्टीची झाले," रेखाताई मला म्हणाली.

मी विचारलं, "मग? नाही लिहिणार?"

"वेडी आहेस का तू?" ती खेकसली आणि आत गेली.

तिने लिहिलं. आम्हाला मराठी करून वाचून दाखवलं तेव्हा नरेंद्र कपाळाला हात लावून बसला. डोंबिवलीच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची सगळी विशेषणं तिने त्या भाषेत ओतली होती. साहेब प्रेरणास्थान, साहेब गोरगरिबांचे कैवारी, साहेबांची कीर्ती सातासमुद्रापार मेलबर्नला पोचलेली. पक्षाची घोषणा दोनदा. वर पैठणीतला हसरा फोटो. शेवटी यायातचा पत्ता, फोन, आणि 'आज सिलिंडर मिळालं नाही तर माणूस जाईल' हे एक साधं वाक्य.

पोस्ट पसरली. साहेबांच्या ऑफिसने ती स्वतःच्या पानावर मिरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर पोचलं. सिलिंडरबरोबर साहेबांच्या माणसांनी फोटोही काढून घेतले, हे सांगायला नकोच.

इकडे ग्रुपमध्ये वणवा पेटला. दुसऱ्या तटाच्या बायकांनी लिहिलं, शेवटी बू रेखाही वटवाघूळच निघाली. रेखाताईने एकही पोस्ट काढली नाही. दुपारी तिने एवढंच लिहिलं: 'मी बाजू घेतली, हे खरं आहे. अ‍ॅडमिन दुसरी निवडा.' तिला त्या पदाचं केवढं कौतुक होतं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने घरभर फरशी पुसली, दोनदा.

संध्याकाळी नेनेंगचा फोन आला. रेखाताईने स्पीकर लावला, मी चहा घेऊन तिथेच होते. नेनेंग हळू आवाजात बोलली, ओरडली नाही. रेखाताईने नंतर मला त्याचं मराठी केलं. नेनेंग म्हणाली होती, "आमचं तिथे घर आहे, भाऊ आहे, कबरी आहेत. कुणाच्या ना कुणाच्या पाया पडल्याशिवाय आमचं चालत नाही. तुझं तिथे कुणी नव्हतं, म्हणून तुला स्वच्छ राहता आलं." रेखाताईने माफी मागितली. नेनेंग 'हं' म्हणाली आणि फोन ठेवला. ते 'हं' माफ केल्याचं होतं की नव्हतं, यावर रेखाताई तीन आठवडे झुरली. तोवर लॉकडाऊन उठला आणि लगेच पुढचा लागलाही.

यायात सावरला. ऑगस्टात एका रविवारी नेनेंगने व्हिडिओ कॉल लावला. एका चौकटीत ती पॉइंट कुकच्या ओट्याशी, दुसऱ्यात रेखाताई, तिसऱ्यात यायात, उशीला टेकून बसलेला, गालफडं बसलेली. तो रेखाताईचे आभारच मानत सुटला. तुमच्यामुळे वाचलो, गावभर तुमचा पैठणीतला फोटो फिरतोय, बाजारातल्या बायकांनी ओळखला. नेनेंगने त्याला बाकीचं काहीच सांगितलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

रेखाताईला ते सोसवेना. ती म्हणाली, "भाऊ, असं नाही झालं. नेनेंगने आधीच लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं. न वाचता. तुम्ही एक अख्खा दिवस माझ्यामुळे गुदमरलात."

मी बाजूलाच बसले होते. अर्थ नंतर कळला, पण तिचा चेहरा बघून ती काय सांगतेय ते तेव्हाच समजलं.

नेनेंगने झटकन फोन तोंडाजवळ आणला. "कांग यायात, दादा, नेटवर्क खराब आहे. आवाज तुटला. तुला काही ऐकू नाही आलं ना?"

यायातने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता, मागे कोंबडा आरवला तोसुद्धा आम्हाला ऐकू आला.

"नाही," तो सावकाश म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. बू रेखा, तुम्ही आमच्याकडे जेवायला कधी येताय?"