दुधाच्या गाडीतला हात

आमच्या गावाला रेल्वेचा थांबा मिळणार हे नक्की झालं, तेव्हा गावात गूळ-खोबरं वाटलं गेलं. सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. पण नव्या सुनेच्या आनंदाला विचारतो कोण! मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते आणि थापता थापता एकटीच हसत होते. सासूबाईंनी दोनदा वळून बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपतेय म्हणून सांगितलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमचं गाव चिंचवडजवळ, पुणे-मुंबई रुळांना अगदी खेटून. आसपासच्या माळांवर कारखान्यांचे पत्रे चढायला लागले होते. माझं माहेर मावळात, कामशेतच्या पुढे. माहेर-सासरची दोन्ही गावं एकाच रुळावर, आणि गाडीने म्हणाल तर हाकेच्या अंतरावर. पण हाक मारायला आणि ती ऐकू जायला रीतीची परवानगी लागते, हे मला लग्नानंतर कळलं.

मी आईबापांची एकुलती एक. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चार म्हशी होत्या. मावळातले बरेच दूधवाले सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला दूध घालायला जात, त्यांतले ते एक. दुधाच्या किटल्या डब्याच्या बाहेर, खिडकीच्या गजांना आकड्यांनी अडकवलेल्या असत. दूध हिंदकळू नये म्हणून किटलीच्या तोंडात भाताच्या पेंढ्याची चुंबळ कोंबलेली असे. ती गाडी माझ्या सासरच्या रानाच्या कडेने जायची. मी बांधावर उभी राहायची आणि आबा डब्याच्या दारात. खांद्यावरचं उपरणं काढून ते हात वर करायचे. मीही करायची. तेवढ्यात गाडी निघून जायची.

झाली भेट! त्या एवढ्याशा भेटीवर मी सगळा दिवस काढायची. बांधावर रोज जायला निमित्त हवं म्हणून मी गवत कापायची. आमच्या बांधावरचं गवत त्या वर्षी जेवढं कापलं गेलं तेवढं पुन्हा कधी कापलं गेलं नसेल.

आता कुणी विचारेल, बाप रोज दारावरून जातो तर उतरून लेकीला भेटत का नाही? तर लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. शिवाय लेकीच्या दारात सारखा येणारा बाप हलका होतो म्हणे. आबा एकदा आले होते. ऐन उन्हाळ्यात चिंचवड स्टेशनापासून चालत आले, ओट्यावर टेकले, घाम पुसला, मामंजींशी पावसापाण्याचं बोलले आणि पाण्याच्या तांब्याला हात न लावता उठले. गावाबाहेरच्या विहिरीवर जाऊन पाणी प्यायले, हे मला नंतर गुराख्यांकडून कळलं. ही रीत ज्याने काढली त्याला एकदा तेवढ्या उन्हात चालवायला हवं होतं.

आणि मी का जात नव्हते? तर सासुरवाशिणीने आपल्या पायाने माहेरी जायचं नसतं. माहेरच्या घरातलाच कुणीतरी मुराळी म्हणून यावा लागतो, तो तिला मानाने घेऊन जातो. मुराळ्याशिवाय किंवा नवऱ्याशिवाय एकटी आलेली लेक म्हणजे टाकून दिलेली लेक, असं गाव धरून चालतं. मला भाऊ नाही. त्यामुळे माझे मुराळीही आबाच. पंचमीला आणि दिवाळीला ते यायचे, तेव्हा कुठे माझा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा.

थांबा झाला. मुरमाचा एक फलाट, पत्र्याची एक शेड आणि नावाची पाटी. फलाटासाठी आमच्या रानाची एक पट्टी गेली, पण मामंजींना त्याचं वाईट वाटलं नाही. "आपल्या वावरात गाडी थांबती, हाय का कुनाची टाप!" असं ते येईल त्याला सांगायचे. आमच्या ह्यांना कारखान्यात नोकरी लागली. लोकांनी गोठे सारवून त्यांत भाडेकरू ठेवले. कुणी साताऱ्याकडचे, कुणी मराठवाड्यातले. शेडच्या बाजूला एका मुसलमान भाऊंनी चहाचं दुकान टाकलं. गावाचे दिवस पालटले हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही.

माझेही पालटले, फक्त उलट्या बाजूने. रुळांना तारेचं कुंपण आलं. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका आमच्या विहिरीवर यायच्या, त्यांच्याशी दोन शब्द बोलणं व्हायचं. त्यांना आता मोठा वळसा पडायला लागला, मग त्यांनी येणंच सोडलं. हे कधी सकाळच्या शिफ्टला, कधी दुपारच्या. घरी असले की झोपलेले. त्या घरात माणसं होती, पण मला कुणी नव्हतं. ज्याने हे भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि ज्या थांब्यासाठी मी चुलीपुढे हसत होते, त्या थांब्याने माझी भेटच नासवली. मला वाटलं होतं, गाडी थांबली की आबा फलाटावर उतरतील, मी समोर उभी असेन, दोन शब्द बोलू. मी सासूबाईंकडून विचारून बघितलं. मामंजी म्हणाले, "फलाटावर सून? शंभर गावचे गडी तिथं हुबे असत्यात. न्हाई जमायचं." बरं, बांध तर होता! पण कामगारांनी गाडी भरून यायला लागली. दारात माणसं लटकलेली. त्यांत आबांना उभं राहायला जागा कुठली? गाडी आता थांब्याआधी सावकाश व्हायची, अगदी रमतगमत माझ्यापुढून जायची, आणि मला दिसायचा फक्त एक हात. किटल्यांच्या वरच्या खिडकीतून बाहेर काढलेला, उपरणं धरलेला.

मी त्या हातावर समाधान मानलं. पावसाळा गेला. दिवाळीला आबा मुराळी म्हणून आले नाहीत. भाताची झोडणी आटपली नाही असा निरोप आला. मी रुसले. दोन दिवस बांधावर जाऊन हात वर केलाच नाही. मग माझं मलाच राहवेना. हात मात्र रोज येत होता, मी रुसले होते तेव्हाही.

चैत्रात एकदा तो हात दिसेनासा झाला. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मी म्हटलं, गर्दीत त्यांना मी दिसत नसेन. दुरून दिसेल असं काहीतरी पाहिजे. त्या दिवशी मी विहिरीवर धुणं धूत होते, वर सासूबाईंचं तांबडं लुगडं होतं. गाडीचा आवाज आला तशी मी ते ओलं लुगडं उचललं, बांधावर चढले आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जोरजोरात हलवायला लागले.

रुळाच्या कडेला तांबडं कापड हलवलं की काय होतं, हे रेल्वेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. आमच्या डोळ्यांना तांबडं म्हणजे लग्नाचं, सणाचं. इंजिनाने भोंगा दिला, चाकं किंचाळली आणि ती अख्खी गाडी माझ्यापुढे, आमच्या ज्वारीच्या धसकटांशेजारी उभी राहिली. मी इतकी अडाणी, की मला वाटलं आबांनीच थांबवली!

खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. ड्रायव्हर खाली उतरून धावत आला आणि कुंपणापलीकडून ओरडला, "पटरी कहाँ टूटी है?"

मी लुगडं छातीशी धरून म्हणाले, "माझ्या आबांना बघायचं हाय."

त्याला मराठी कळत नसावं, पण डब्यांतल्या कामगारांना कळलं. जे हसू उठलं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. गार्ड आला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणाला. चहावाल्याच्या दुकानातून मामंजी धावत आले आणि काय झालंय हे कळायच्या आत गार्डपुढे हात जोडून उभे राहिले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तरीही माझे डोळे त्या डब्याकडेच होते. आता तरी आबा उतरतील.

एक माणूस उतरला. आबांच्याच वयाचा, माझ्या माहेरचा, शेजारच्या आळीतला दूधवाला. त्याच्या खांद्यावर उपरणं होतं. कुंपणाशी येऊन तो खाली बघत म्हणाला, "पोरी, तुझा बा न्हाई गाडीत."

"मग कुठल्या गाडीत हायेत?"

"अगं, झोडणीच्या टायमाला वारं गेलं त्याच्या अंगावरनं. एक बाजू गेली. हातरुणावरच हाय तवापास्नं. तुला कळवू नगा म्हनला. पोर जिवाला घोर लावून घेईल, अन् तिला आनायला जानार कोन? मला म्हनला, माझ्या जागंवर बसतूस, तर तिथं हात करत जा. पोर हुबी असती." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "चार दिस झालं, गर्दीत पलीकडच्या बाजूला जागा मिळती, म्हनून न्हाई जमलं बघ."

गाडी हलली. तो धावत जाऊन चढला. मी सगळा हिवाळा एका परक्या माणसाला हात करत होते. ज्याच्यावर रुसले होते तोही परकाच, आणि ज्याच्यावर रुसायला हवं होतं त्याला हात उचलता येत नव्हता. मी बांधावर बसून रडले, अगदी गळा काढून. मामंजींनी दरडावलं, तरी थांबले नाही.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, मला पोचवून या. हे म्हणाले, "नवी नोकरी हाय. खाडा झाला तर गेटवरच नाव कापत्यात. सुट्टीच्या दिवशी जाऊ." सुट्टी आली, पण ती ओव्हरटाइमात गेली. मामंजींचं एकच म्हणणं: "मुराळी यिऊ दे, मी कवा न्हाई म्हनलोय?" मला न्यायला येणारा माणूसच अंथरुणाला खिळला होता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रीत म्हणजे रीत!

मग एका सकाळी मी धुण्याचं गाठोडं घेतलं, त्यात एक लुगडं घडी करून ठेवलं आणि विहिरीच्या वाटेला न लागता थांब्याच्या वाटेला लागले. सासूबाई परसात राख टाकत होत्या. त्यांनी मला बघितलं. मी जागच्या जागी उभी राहिले. त्या राखेकडे बघत म्हणाल्या, "बाईमानसाशेजारी बस." आणि घरात गेल्या.

लोणावळ्याकडची गाडी आली आणि मी एकटी गाडीत चढले. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईने तोवर असं केलं नव्हतं, पण मला त्याचं काही कौतुक वाटत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. गाडी सुटली आणि आमचं रान आलं. विहीर, धसकटं, बांध. आलं म्हणेपर्यंत गेलंही. गाडीतून तो बांध एवढासाच दिसतो, हे मला आत बसल्यावर कळलं. आबा किती आधीपासून तयारीत राहत असतील!

कामशेतला उतरून शेतांमधून चालत घर गाठलं. आई अंगणात शेण भरत होती. तिने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. तिच्या हातातलं घमेलं खाली टेकलं. मी मान हलवून नाही म्हटलं, घाबरू नकोस या अर्थाने, आणि आत गेले.

आबा भिंतीकडच्या बाजेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात वाळल्यासारखा पांघरुणावर. मला बघून त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांत धास्ती उतरली. जड जिभेने त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "कोन... आलं... संगं?"

मी म्हणाले, "हे आलेत की. भाईर हायेत."

"आत... बोलव."

"त्यांना पुढची गाडी गाठायची हाय, आबा. शिफ्ट हाय. उभ्याउभ्याच जातो म्हनत्यात."

आबा आईकडे वळले. "च्या... दे. जावयाला... कोरडं... धाडू नगं."

आईने माझ्याकडे बघितलं. चूल पेटवली, म्हशीच्या दुधाचा दाट चहा केला, फडताळातली जावयासाठी ठेवलेली कपबशी काढली, पुसली. चहा ओतला. डोक्यावरचा पदर नीट पुढे ओढला, जसा जावयासमोर ओढतात तसा, आणि कपबशी घेऊन बाहेर गेली. मी आबांचा हात धरून बसले होते. दारातून अंगण दिसत होतं. तिथे शेणाचं घमेलं होतं आणि एक कोंबडी होती. आई त्या रिकाम्या अंगणात उभी राहिली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या जावईबापू. गरम हाय, दमानं घ्या."

आबांनी डोळे मिटले. "मानूस... चांगला हाय," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने आई आत आली. कपबशी रिकामी होती.