सवारीच्या पायावरचं पाणी

गूळ घालून भिजवलेल्या कणकेचे चोंगे तेलात पडले की एक तांबूस, खमंग वास उठतो. त्यात बडीशेपेचा गोडवा असतो आणि कुठूनतरी उदाचा धूर येऊन त्याला बिलगतो. आमच्या जिंतूरकडच्या गावात मोहरमाचा महिना म्हणजे हा वास. तो कुण्या एका आळीचा नव्हता, साऱ्या गावाचा होता. वासाला कुठं जात लावता येते? तुम्ही म्हणाल, हिंदू शेतकरी म्हातारा, आणि मोहरमाच्या आठवणी काढत बसलाय! काढतोय, बाबांनो. माझी गया दिवाळीच्या आधी गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच मोहरम. मी चार बुकं शिकलेला माणूस. गोड लिहायला जमत नाही, जसं आहे तसं लिहितो.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. उपास झाले, अंगारे झाले. मग गयानं सवारीला नवस बोलला. सवारी म्हणजे काठीवर बसवलेला चांदीचा पंजा, हिरव्या-लाल रेशमी कापडानं मढवलेला. मोहरमात महेबूब पिंजारी तो खांद्यावर घेऊन अनवाणी दारोदार फिरायचा. दारात सवारी थांबली की घरच्या बाईनं त्याच्या पायावर तांब्याभर पाणी घालायचं, ऊद टाकायचा, चोंगे द्यायचे. त्या दिवशी साऱ्या आळीतल्या बाया पहाटेच उठून गल्ली झाडायच्या, खडा न् खडा वेचायच्या, सडा टाकायच्या. सवारी धरणाऱ्याच्या पायाला काही रुतू नये म्हणून. नवसाचं पोरगं झालं, त्याचं नाव फकिरा ठेवलं. त्यानंतर गयानं एकही मोहरम चुकवला नाही. तापानं फणफणलेली असली तरी भिंत धरून दारात यायची, आणि पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही.

महेबूबची आणि तिची मोठी गट्टी. आमच्या गाद्या तोच भरून द्यायचा. सवारी खांद्यावर असली की धरणाऱ्यानं बोलायचं नसतं, हसायचं नसतं, आणि नेमकं तेव्हाच ही पाणी घालता घालता पुटपुटायची, "महेबूबभाऊ, गादीचे गोळे झाले बघा साल व्हायच्या आत. सवारी ठेवा खाली, मग दावते तुमाला." बिचाऱ्याची दाढी नुसती थरथरायची! दुसऱ्या दिवशी गादी उसवायला हजर. पुढं गणपतीत आरतीला हाच महेबूब पारावर टाळ घेऊन उभा. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं आणि कुणी कुणाला अडवलंही नव्हतं. आपण एकमेकांना सामावून घेतोय, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. घरातल्या माणसाला कुणी या म्हणतं का?

आता सणाला पहारा लागतो. आमच्या पोरांना फोनवर कुणीतरी शिकवलं, की सवारी मारुतीच्या पारापुढून गेली तर आपला अपमान होतो. त्यांच्या पोरांना बाहेरून आलेल्या कुणी शिकवलं, की पंजापुढं हात जोडणं म्हणजे पाप. दोन्हीकडची पोरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण गयासारख्या बाईचं तिथं काही काम नाही, यावर दोघांचं पक्कं एकमत! मग ठाण्यात शांतता समिती बसली. गावात शांतता होती तेव्हा समिती नव्हती. ठरलं असं, की सवारीनं गल्लीत यायचं नाही, गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यानं जायचं. मी उभा राहून विचारलं, "माझ्या बायकोचा नवस हाय, त्याचं काय?" एक पोरगा म्हणाला, "काकूच गेल्या ना आबा. नवस बी गेला." काहीजण हसले. माझा फकिरा त्यांच्यातच बसला होता. चारचौघांत तो आता स्वतःला प्रकाश म्हणवतो. त्यानं मान खाली घातली.

घरी आल्यावर म्हणाला, "आबा, आई मला बी आठवती. पण मला ह्या गावात ऱ्हायचंय. लोक तोंडावर बोलायलेत. तुमी जाऊ नका तिकडं." त्याचंही खोटं नव्हतं. पण परभणीच्या दवाखान्यात गयानं शेवटी दुसरं काही मागितलं नव्हतं. "येवढ्या बारीला माझं पाणी घाला," म्हणाली, "मग सोडलं तरी चालंल." माणूस गेल्यावर आपल्या हातात काय उरतं? त्यानं सांगितलेलं एखादं बारकं काम. तेही टाळलं, तर तो कायमचाच गेला.

मृग कोरडाच गेला होता आणि ऊन चैत्रासारखं तापलं होतं. चोंगे करायला बसलो, तर ते कढईत विरघळले. मग नुसता तांब्या भरला आणि खडीच्या रस्त्यावर बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन उभा राहिलो. केवढी दाटी असायची सवारीमागं, हलगीनं कान बसायचे! यंदा मागं चारच म्हातारे आणि एक कंटाळलेला होमगार्ड. पुढं महेबूब, अनवाणी. या रस्त्यावर ना कुणी झाडलं होतं, ना सडा टाकला होता. तापल्या खडीवर तो पाय टेकवायचा आणि लगेच उचलायचा. मला बघून थांबला. मी वाकून पाणी घातलं. खडीनं ते गटागटा पिऊन टाकलं. सवारीखाली उभ्या जन्मात न बोललेला माणूस माझं नाव घेऊन हळूच म्हणाला, "मारोती, लय भाजायलंय रे."

इतकी वर्षं ते पाणी रिवाजाचं होतं. झाडलेल्या, ओल्या गल्लीत कुणाचे पाय भाजत होते? आज पायांना पाणी हवं होतं, आणि माझा तांब्या रिकामा होता.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. फकिरा. रानात बांध घालणाऱ्या मजुरांसाठी थंड पाण्याचा जार पुढं टाकीवर ठेवलेला. "बसा आबा," तो दातओठ खात म्हणाला, "लोक बघायलेत." मी गाडीवर बसलो नाही. जार उचलला, झाकण काढलं आणि ओतायला लागलो. आधी महेबूबच्या पायावर, मग मागच्या म्हाताऱ्यांच्या. महेबूबनं डोळे मिटले. गया, हे तुझं. जार जड होता, हातातून निसटायला लागला. फकिरा पेरणीवाचून पडलेल्या रानाकडं तोंड फिरवून बसला होता. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, आणि तिकडंच बघत एका हातानं जारचं बूड उचलून धरलं.